काश्ता

तुम्ही खोटं बोलता, साहेब. परवा निवृत्तीच्या सत्काराला उत्तर देताना तुम्ही म्हणालात, "माझ्या अख्ख्या नोकरीत मी कधी जात पाहिली नाही." टाळ्या पडल्या. मी शेवटच्या रांगेत होतो, हात मांडीखाली घेऊन बसलो होतो. पाहिलीत, साहेब. करंजखोऱ्यात, माघाच्या उन्हात, अगदी समोर पाहिलीत. मांडीपर्यंत जांभळी होती.

विसरला असाल तर आठवण करून देतो. मला कधीच घाई नव्हती, आणि आता तुम्हालाही नाही.

शाळेचा व्हरांडा. तुम्ही, तालुक्याचे शिक्षण अधिकारी, खुर्चीत. तुमच्या मागे मुख्याध्यापक सोनजे सर, त्यांच्या मागे गावातले पालक. समोर माझी थोरली बहीण गयाताई, दोन्ही हात पुढे करून उभी. चौकशी चालू होती.

"हात दाखवा, बाई."

तिनं दाखवले.

"उलटे करा."

तिनं उलटे केले.

"धुता का?"

"धुते ना, साहेब. साबनानं."

"रोज?"

"नाही, दिवाळी-दसऱ्याला," गयाताई म्हणाली. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत तशी म्हणाली, "रोज वो साहेब. पोरं रोज जेवत्यात, मंग हात रोज नको?"

मागे कोणीतरी हसलं. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही 'स्वच्छता समाधानकारक' असं काहीतरी पुटपुटलात आणि पालकांकडे वळलात.

शाळेत खिचडी शिजवायला गयाताईला लावलं होतं. रीतसर निवडून. नवरा गेलेला, पदरात दोन मुली, आणि चुलीवर हात असा की नुसत्या मिठाच्या भाताला लोकांनी थांबावं. पहिले काही दिवस पोरांनी ताटल्या चाटून पुसून ठेवल्या. 'गयामावशी, अजून' म्हणत पाठीमागे फिरली. मग घरोघर कळलं की शिजवणारी कोण. दुसऱ्या दिवशी पोरं डबे घेऊन आली. ताई भरल्या पातेल्यापुढे बसून राहिली, आणि तिच्या दोन मुली आणि आमच्या वस्तीतली बाकीची पोरं तेवढी जेवली.

मानधन म्हणाल तर त्यात घर चालत नव्हतं. पण तिला जन्मात पहिल्यांदा गावानं नावानं हाक मारली होती. त्याआधी ती 'ए' होती. ते नाव तिला सोडायचं नव्हतं. भांडण एवढंच होतं, आणि एवढं मोठं होतं.

"आम्ही जात मानत नाही, साहेब," सरपंच म्हणाले. "पण लेकरांच्या घशाखाली उतरत नाही, त्याला काय करनार?"

"चार दिवस उतरत व्हती की," ताई म्हणाली. "पाचव्या दिशी घसा कोनी आवळला?"

तुम्ही हात वर केलात. "शांतता. प्रतापदादांच्या द्राक्ष महोत्सवाला मी येणारच आहे. निकाल त्या दिवशी सांगतो. एका फेरीत दोन कामं."

तर तुम्ही आलात.

आता माझं सांगतो. मी तुम्हाला कुठे भेटलो हे तुमच्या लक्षात नसणार, कारण दुभाष्याकडे कोणी बघत नाही, त्याच्यातून पलीकडे बघतात. मी दहावी नापास. मालवाहू जहाजावर भांडी घासायला गेलो. तिथला मुख्य आचारी पोर्तुगालचा. त्यानं मला कांदा चिरायला शिकवला आणि शिव्यांसकट त्याची भाषा शिकवली. बाकीचं मी त्यानं वाचून टाकलेल्या जुन्या पुस्तकांतून उचललं, बाथरूमच्या दिव्याखाली. गावी परतलो तेव्हा ह्या भाषेचा उपयोग शून्य होता. मग प्रतापदादांनी, म्हणजे गावातल्या सगळ्यात मोठ्या बागाईतदारानं, वाइनचा कारखाना काढला आणि पोर्तुगालहून तेल्मो नावाचा म्हातारा तज्ज्ञ आणला. त्याला इंग्रजी येईना, दादांना मराठीशिवाय काही येईना. गावात एकच माणूस उरला.

तेल्मोनं माझं पहिलं वाक्य ऐकलं आणि पोट धरून हसला. "तू बोलतोस ते बंदरावरचे हमाल बोलतात. बायबल ह्या भाषेत वाचलंस तर देव कानात बोटं घालेल."

आमचं त्या दिवसापासून जमलं.

तो बागेत फिरायचा आणि प्रत्येक वेलीपुढे थांबून एकच शब्द म्हणायचा. काश्ता. ही काश्ता चांगली, ती काश्ता इथल्या उन्हात रडेल. म्हणजे जात, द्राक्षाची जात. आपल्याकडचे बागाईतदार 'कोणती जात लावली?' विचारतात तसंच. मी हा शब्द जहाजावर कधी ऐकला नव्हता. तिथे द्राक्षं बाटलीतून यायची. पण ऐकला आणि कान टवकारले.

"हाच शब्द ना रे, इंग्रजांनी आमच्यासाठी वापरला तो? कास्ट?"

"हाच. तुमच्या किनाऱ्यावर आमच्या खलाशांनी उतरवला. फ्रेंचांनी आणि इंग्रजांनी आमच्याकडून उचलला."

"आणि तुमच्याकडे कुठून आला?"

म्हातारा वेलीला टेकला. असल्या गप्पांत तो रमायचा. "त्यावर पंडितांची मारामारी आहे. स्पेनमध्ये हाच शब्द, तिथल्या कातालान बोलणाऱ्यांत हाच, इटलीत हाच. एक पंडित म्हणतो, लॅटिनमधल्या 'शुद्ध' ह्या शब्दाचं हे लेकरू. दुसरा म्हणतो, छे, हा उत्तरेकडून आलेल्या टोळ्यांचा शब्द, जनावरांच्या पिलावळीला म्हणायचे."

"म्हणजे शुद्ध की पिलावळ, हे अजून ठरलं नाही?"

"नाही ठरलं. पण लावतात मात्र सगळ्याला. घोड्याला, कुत्र्याला, स्पेनमध्ये झुंजीच्या बैलाला. आणि द्राक्षाला."

मग त्यानं एक मणी तोडला, दाताखाली फोडला, बी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "हे पेर. उगवेल. पण ही काश्ता येणार नाही. भलतंच काहीतरी येईल. द्राक्षाचं पोर आईबापासारखं कधीच निघत नाही. काश्ता टिकवायची तर बियांना विचारायचंच नाही. कातरी घेऊन उभं राहायचं. फांदी तोडायची, कलम करायचं, पिढ्यान् पिढ्या तोडत राहायचं. आपोआप टिकणारी काश्ता मी आयुष्यात पाहिली नाही."

"आमच्याकडेही कातरी असते," मी म्हणालो. "पोरापोरींच्या लग्नाच्या वेळी बाहेर काढतात."

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. मग तो पुढच्या वेलीकडे गेला.

महोत्सवाची भानगड अशी की तेल्मोनं हट्ट धरला: सगळ्यात चांगला माल यंत्रात घालायचा नाही, पायांनी तुडवायचा. त्यांच्या नदीकाठी अजून तुडवतात. यंत्र बी फोडतं, कडू करतं. पाय बी फोडत नाही. प्रतापदादांना पद्धत कळली नाही, पण जाहिरात कळली. त्यांनी दगडी हौद बांधला. आता तुडवणार कोण?

गावातल्या बायकांना विचारलं. "परक्या गोऱ्यासमोर पोटऱ्या उघड्या टाकून नाचायचं? आमी काय तमाशाच्या हाय?" झालं. मग दादांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे आमच्या वस्तीकडे बघितलं.

"तुझ्या बहिणीला विचार. आणि बाकीच्यांना. पण बोभाटा नको. हौद शेडमध्ये आहे, शेडला भिंत आहे. पाहुणे भिंतीच्या अलीकडे. भिंतीतून नळी काढतो, पितळी नळ बसवतो. पाहुण्यांना नळ दिसेल."

"आणि कोणी विचारलं, रस कसा काढला?"

"मशीन सांग."

"मशीनचं नाव?"

"परदेशी आहे म्हण. तुला काय कमी तोंड आहे?"

ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "त्याच दिवशी माझा निकाल हाय नाही का शाळंचा? मंग बरं. घरी बसून वाट बघन्यापरीस पाय तरी हालत्याल."

त्या दिवशी सकाळी तेल्मोनं आधी पाय तपासले. गरम पाणी, साबण, ब्रश. नीट घासून दाखवायला तो स्वतः गुडघ्यावर बसला आणि त्यानं ताईचा पाय पाटावर घेतला. बायका तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

"सुदाम, ह्या बाबाला सांग, आमच्यात जावयाचे पाय धुत्यात," ताई मला म्हणाली. "माझ्या लग्नात माझ्या बापानं धुतले, तेबी माझे नाही, नवऱ्याचे. माझे आजच."

मी सांगितलं. तेल्मो म्हणाला, "तिला सांग, आमच्यात वर्षातून एकदा पाद्री साध्या माणसांचे पाय धुतो. त्यातलं निम्मं नाटक असतं. हे नाटक नाही. टाचेच्या भेगेत माती राहिली तर माझी वाइन गेली."

मग त्या हौदात उतरल्या. द्राक्षं मांड्यांपर्यंत. थंडगार. किंकाळ्या, शिव्या, हसणं. तेल्मोनं त्यांना ओळीत लावलं, एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर. पहिला भाग कवायतीचा: एक-दोन, एक-दोन, गुडघा वर, पाय खाली, बोलायचं नाही. त्याला त्यांच्याकडे 'कापणी' म्हणतात. तो हौदाच्या कडेला उभा राहून "उं, दोइश" ओरडत होता आणि मी "एक, दोन". ओळ पुढे जायची, भिंतीला टेकली की मागे. रस हळूहळू वर यायला लागला, आधी गुलाबी, मग जांभळा.

सूर्य वर आला तसा तेल्मोनं दोन्ही हात उडवले आणि ओरडला, "लिबेर्दाद!"

"काय म्हनतो?" ताईनं विचारलं.

"स्वातंत्र्य म्हणतो. ओळ मोडा. आता कसंही नाचा."

"आसं व्हय? आधी रांग, मंग स्वातंत्र्य," ताई म्हणाली. "आपल्याकडं बी हाय हे. फकस्त दुसरा भाग कुनी वरडत न्हाई."

आणि त्या नाचल्या, साहेब. जयंतीची गाणी म्हणत नाचल्या. म्हातारा टाळ्यांनी ठेका धरत होता. भिंतीपलीकडे मांडववाले खुर्च्या मांडत होते, ते गाणी ऐकून म्हणाले, "दादा, टेप कुठं लावलाय?"

दुपारी पाहुणे आले. नाशकाहून, मुंबईहून, टीव्हीचे दोन कॅमेरे. शहरी बायकांसाठी दादांनी एक छोटं लाकडी पिंप ठेवलं होतं, फोटोपुरतं. त्या हसत हसत त्यात उतरल्या, नखांना रंग, पोटऱ्यांना सुगंधी क्रीम. फोटो झाले. तेल्मोनं एक थेंब जिभेवर ठेवला, थुंकला, आणि ते पिंप सरळ शेणखताच्या खड्ड्यात ओतायला लावलं. वर्तमानपत्रात फोटो त्याच पिंपाचा आला.

शाळेची पोरं लेझीम खेळली. मग पितळी नळ उघडला. ताजा रस, दारूचा थेंब नाही, त्यामुळे कोणाला सोवळं आड आलं नाही. सरपंच प्याले, सरपंचीण प्याली. डबे पाठवणारे सगळे पालक प्याले. ज्यांची एकादशी होती त्यांनीही घेतला, फळाचा रस चालतो म्हणून. पोरं ओठ जांभळे करून पुन्हा रांगेत लागली.

सोनजे सर माझ्याजवळ आले. "काय गोडी आहे हो! कोणतं मशीन?"

"पोर्तुगीज पद्धतीचं, सर. पण डोक्यापासून पायापर्यंत इथेच बनलेलं."

"वा! स्वदेशी!" सर म्हणाले.

तुम्ही पहिल्या रांगेत सोफ्यावर होतात. पहिला ग्लास तुम्ही जरा संशयानं ओठाला लावलात, मग डोळे मिटलेत. तुमच्या मिशीला जांभळी कड आली. दादांनी तेल्मोची ओळख करून दिली आणि तुम्ही मला खुणेनं बोलावलंत.

"विचार ह्यांना. 'कास्ट' हा शब्द यांचाच ना?"

मी विचारलं. तेल्मो म्हणाला, हो.

तुम्ही सोफ्यावर मागे रेललात आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललात. तेच, जे परवाच्या सत्कारात पुन्हा बोललात. "मी नेहमी सांगतो. शब्दच आपला नाही. शब्द परका, म्हणजे वस्तू परकी. आपल्याकडे होते ते व्यवसाय, सोय होती. ह्या लोकांनी येऊन जात घातली आणि आपण एकमेकांचे हात तपासत बसलो."

हात तपासत बसलो. तुम्ही म्हणालात हे, साहेब. हसू नाही आलं तुम्हाला.

मी सगळं भाषांतर केलं. एकही शब्द गाळला नाही. चांगला दुभाषी शिवीसुद्धा गाळत नाही. तेल्मोनं डोकं खाजवलं.

"सांग त्यांना, शब्द आमचा. नाकारत नाही. आम्ही आलो तेव्हा आमच्याकडे ह्या शब्दात घोडे होते, द्राक्षं होती. इथे उतरलो तर माणसं आधीच ओळीनं उभी केलेली दिसली. आम्ही नुसती पाटी लावली. पाटी वाईट होती, मान्य. पण ओळ आमची नव्हती."

मी तुम्हाला शब्दशः सांगितलं. आणि तुम्ही मांडीवर थाप मारलीत.

"बघा! कबूल केलं! पाटी ह्यांनीच लावली!"

सगळे हसले. मला वाटलं, भाषांतर करून उपयोग काय? ऐकणारा स्वतःच्याच भाषेत बहिरा असेल तर दुभाष्यानं कुठल्या भाषेत ओरडायचं? आमच्या शाळेच्या खिचडीत बटाटा चालत होता. तो शब्द पोर्तुगीज. तो सोलणाऱ्या हातांना लावायचा साबण चालत होता. तोही, म्हणतात, त्यांचाच. बाई तेवढी चालत नव्हती. ती गावातली होती.

मग तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. तोवर कोणीतरी तुम्हाला सांगितलं होतं की मी तिचा भाऊ. आवाज खाली आणलात.

"हे बघ, तू चार देश पाहिलेला माणूस. तिला समजावून सांग. तिचं काही चुकलेलं नाही, मी तसं लिहीनही. पण गावाचा एकोपा महत्त्वाचा. अन्न हा भावनेचा विषय असतो. शिजवायला दुसरी बाई बघू. हिला शाळेचं अंगण झाडायला ठेवू. म्हणजे काम जात नाही, नुसती जागा बदलते."

"कोणत्या जागेवरून कोणत्या जागेवर, साहेब?"

"अरे, तू शब्दांत नको अडकू."

"बरं," मी म्हणालो. "रस आवडला?"

"अमृत आहे!"

"अजून घ्या ना."

आणि मी स्वतः उठलो, नळाखाली तुमचा ग्लास धरला, काठोकाठ भरला आणि तुमच्या हातात दिला. नळीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीपलीकडे, माझी बहीण ओल्या लुगड्यानं निकालाची वाट बघत बसली होती. तिचं घशाखाली उतरतं, हा निकाल तिच्याआधी तुमच्या मिशीला कळला होता.

तेवढ्यात तेल्मो गरजला. मला नाही, दादांना. पण दादांना कळणार काय, मलाच सांगावं लागलं. "तो विचारतोय, तुडवणाऱ्या कुठे आहेत? त्यांच्यात पहिला ग्लास तुडवणाऱ्यांचा असतो. त्याआधी मालकही पीत नाही. तो म्हणतो, तुम्ही त्याला सांगितलं होतं, त्यांना मांडवात आणू."

"नंतर, नंतर," दादा दात दाखवत कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले. "शेडमध्ये पोचवतो म्हणावं त्यांचा. पातेलंभर पोचवतो."

मी सांगितलं. तेल्मोनं एक शिवी हासडली, तिचं भाषांतर कोणी मागितलं नाही. आणि म्हातारा तरातरा भिंतीला वळसा घालून निघून गेला. दादांनी माझा दंड धरला. "थांबव त्याला!"

"मला फक्त बोलायला ठेवलंय, दादा. धरायला नाही."

तो आला तो ताईचा हात धरून. मांडवाचा मागचा पडदा सारून. मागे बाकीच्या बायका. लुगडी खोचलेली, वाळायला वेळच नव्हता मिळाला. मांड्यांपासून टाचांपर्यंत जांभळ्या, आणि रस अजून टाचांवरून जाजमावर ओघळत होता. तेल्मो त्यांना घेऊन मला ओढत माइकपाशी गेला आणि बोलायला लागला. मी त्याच्या तोंडाकडे बघत, तुमच्याकडे पाठ करून, एकेक वाक्य मराठीत म्हणत गेलो.

"माझ्या गावात म्हणतात, वाइन द्राक्षाची नसते, पायांची असते. तुम्ही जे प्यालात ते ह्या बायकांनी काढलं. सकाळपासून. ह्या पायांनी. मी माझ्या हातांनी ते धुतलेत. आता ह्यांचा ग्लास."

माझा आवाज लाउडस्पीकरवरून बागेत जाऊन परत आला. लेझीमसुद्धा कोणाच्या हातात वाजली नाही.

मी वळलो.

सरपंचांचा ग्लास ओठापाशी अडकला होता, आत जाईना, बाहेर येईना. सरपंचीणबाईंनी पदर तोंडाला लावला. डबेवाले पालक एकमेकांकडे बघत होते, पहिला कोण थुंकतो म्हणून. पण कॅमेरे चालू होते. गोरा माणूस बघत होता. मुंबईच्या पाहुण्या टाळ्या वाजवत होत्या, 'हाऊ ऑथेंटिक' म्हणत. थुंकायचं म्हणजे सगळ्या महाराष्ट्रासमोर थुंकायचं.

"टाकायचा तरी कसा," सरपंच हळूच म्हणाले. "लक्ष्मी असते." आणि घटाघटा पिऊन टाकला.

"गयामावशी!" पोरांतून एक आवाज आला, मग दुसरा, मग सगळ्यांचा. "मावशी, अजून हाय का गं?"

ताईनं त्यांच्याकडे बघून हात हलवला आणि ती तुमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "हात धुतलेत. पायबी धुतलेत. साबनानं."

"छान, छान," तुम्ही म्हणालात. तुमच्या हातातला ग्लास रिकामा होता. तो कुठे ठेवावा म्हणून तुम्ही इकडेतिकडे बघत होतात. ताईनं सवयीनं हात पुढे केला, घेते म्हणून. तुम्ही सोफ्यावरून उठलात, तिला वळसा घातलात, आणि तो पलीकडच्या टेबलावर नेऊन ठेवलात.

मग तिनं तेल्मोनं दिलेला आपला ग्लास प्यायला, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. तोंड पुसलं आणि म्हणाली, "जरा तुरट हाय."

तुमचा निकाल पुढच्या आठवड्यात लेखी आला, जसा तोंडी दिला होतात तसाच. अंगण झाडायला ताई गेली नाही. पातेलं-डाव ठेवायच्या खोलीची किल्ली परत द्यायला तेवढी शाळेत गेली, तेव्हा तिच्या टाचा अजून जांभळ्याच होत्या. तो रंग धुवून जात नाही. पोरांचे डबे चालू राहिले आणि नवी बाई आली तेव्हा बंद झाले. माझी नोकरी त्या संध्याकाळीच गेली. तेल्मो पुढच्या वर्षी आला नाही. दादांच्या त्या वाइनला कुठेसं पदक मिळालं आणि बाटलीवर छापलं, 'मानवी स्पर्शाची परंपरा'. कोणत्या मानवाच्या, ते लेबलात बसलं नसेल. अजून दर माघात आमच्या वस्तीतल्या बायकाच हौदात उतरतात. गाव त्यांना मशीनवाल्या म्हणतं. "काय गं, औंदा मशीन कधी चालू?" असं विचारतात, आणि कोणाच्या घशाला काही होत नाही.

परवा सत्कारावरून आलो आणि ताईला सांगितलं की साहेबांना लिहिणार आहे. ती उसवलेली गोधडी शिवत होती. तिचे गुडघे आता दुखतात, हौदात धाकटी मुलगी उतरते.

"कशाला?" म्हणाली. "शिव्या द्यायला?"

"त्याही देईन."

"शिव्या नको दिऊ. म्हातारा झाला आसंल." तिनं दोरा दातानं तोडला. "एक इचार मात्र. मी पडदा सारून आले तवा डोळ्यावर ऊन व्हतं, मला दिसलं न्हाई. तुझी तर पाठ व्हती. इतकी वर्सं मला तेवढंच कळत न्हाई बघ."

तर तिच्या वतीनं विचारतो, साहेब. तो दुसरा ग्लास मी काठोकाठ भरून दिला होता आणि मी वळलो तेव्हा तो रिकामा होता. तुम्ही पाहिलीच नाही म्हणता ना जात? मग हे सांगायला तुम्हाला जड जाऊ नये. भाषण नको, शब्दाचा इतिहास नको, तो मला तुमच्यापेक्षा बरा येतो. तो ग्लास तुम्ही कधी संपवलात: तिचे पाय दिसण्याआधी, की दिसल्यानंतर?

उत्तर द्या.